महाभूतांना बोलावताना

कल्पित जगांच्या खेळांत मांत्रिक मंत्र म्हणतो आणि समोर आगीचा धिप्पाड जीव उभा राहतो. पाण्याचा हवा असेल तर निळा, मातीचा तपकिरी, वाऱ्याचा धूसर. खेळणारे या जीवांना एलिमेंटल म्हणतात. एखादा एलिमेंटल कोणत्या प्रकारचा, असे विचारले की उत्तर ठरलेले असते: आगीचा, पाण्याचा, मातीचा किंवा वाऱ्याचा. रूलबुकात चार चौकटी असतात, प्रत्येक चौकटीत एक तत्त्व बसवलेले असते आणि वर्गीकरण पुरे झाले असे आपण मानतो. हे वर्गीकरण उथळ आहे. जीवाचा देह कशाचा, एवढेच ते सांगते. तो आपल्यासमोर का उभा आहे, हे त्यातून कळत नाही.

माझे म्हणणे असे की, बोलावलेल्या जीवाचा प्रकार आवाहनाच्या संबंधावरून ठरला पाहिजे. त्याला कुठून बोलावले, त्याने देह कशाचा घेतला, तो कोणाच्या इच्छेने वागतो आणि तो परत कसा जातो, या चार प्रश्नांची उत्तरे बदलली की जीवाची जातकुळी बदलते, मग तत्त्व तेच का असेना. या प्रश्नांचा विचार मराठी मुलखात फार पूर्वीपासून झालेला आहे. तर्कशास्त्राच्या पोथ्यांत झाला आहे, पूजाविधीत झाला आहे आणि पाणवठ्याच्या शेंदरी दगडांपाशीही झाला आहे. पुण्यात हे तिन्ही हाताशी आहे, शिवाय खेळ घडवणारे स्टुडिओही आहेत. म्हणून हा विचार इथूनच पुढे न्यायला हवा.

१. चार चौकटी आल्या कुठून?

पृथ्वी, आप, तेज, वायू ही चार मुळे ग्रीक विचारवंत एम्पिडोक्लिस याने इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात मांडली. त्या चार तत्त्वांना चार प्रकारचे जीव जोडण्याचे काम सोळाव्या शतकातला वैद्य पॅरासेल्सस याने केले. त्याच्या मृत्यूनंतर, १५६६ मध्ये छापलेल्या ग्रंथात मातीतले बुटके जीव, पाण्यातल्या जलकन्या, हवेतले सिल्फ आणि अग्नीतले सॅलमँडर येतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ १९७४ मध्ये आला. त्याने हीच चौकडी खेळाच्या टेबलावर आणली, आणि तिथून ती पत्त्यांच्या खेळांत व व्हिडिओ गेममध्ये पसरली. १९९३ च्या मॅजिक: द गॅदरिंगच्या पहिल्याच संचात चारही तत्त्वांचे एलिमेंटल होते.

चौकडी टिकली याचे कारण व्यवहारी आहे. आगीवर पाणी भारी, असा तक्ता करता आला की खेळाचा तोल सांभाळणे सोपे जाते. पण तोल सांभाळायला सोयीचा तक्ता आणि जीवाचे स्वरूप सांगणारे वर्गीकरण ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले साधले म्हणून दुसरे साधले, हा गैरसमज इथूनच सुरू झाला.

२. तत्त्वात राहणे आणि तत्त्वाचे असणे

पॅरासेल्ससचे जीव त्या-त्या तत्त्वात राहत होते. त्या तत्त्वाचे बनलेले नव्हते. त्यांना हाडामांसाचे शरीर होते. पाणी हे जलकन्येचे घर होते, तिचा देह नव्हे. खेळांनी नेमके हे उलटवले. पाण्यात राहणारा जीव जाऊन पाण्याचा बनलेला जीव आला, आणि दोघांचे नाव मात्र एकाच वर्गात राहिले.

महाराष्ट्राला हा फरक सांगायला परदेशी ग्रंथ लागत नाहीत. साती आसरा या देवता विहिरीपाशी, डोहापाशी, नदीकाठी असतात. शेंदूर फासलेले सात दगड हे त्यांचे ठाणे. त्यांना हळदकुंकू आणि हिरव्या बांगड्या वाहतात. पण आसरा पाण्याच्या बनलेल्या आहेत, असे कोणी म्हणत नाही. पाण्यावर त्यांची सत्ता आहे, पाणी त्यांचे स्थान आहे. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या आसपासचा मुलूख पायी हिंडून मातृदेवतांची ठाणी नोंदवली आणि १९६२ च्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या पुस्तकात त्यांचा अर्थ लावला. मावळातल्या मावळाया त्यात आहेत: पाण्याजवळच्या, आणि एकट्यादुकट्या नव्हे तर समूहाने राहणाऱ्या. या देवतांना ‘जल-एलिमेंटल’ म्हटले तर त्यांच्याविषयीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट सुटते. ती म्हणजे त्यांना कुठेही बोलावता येत नाही. त्यांच्याकडे आपणच जावे लागते.

३. तर्कसंग्रह काय शिकवतो

तत्त्वांच्या देहांचा याहून काटेकोर विचार न्याय-वैशेषिकांनी केला. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह हा या शास्त्राचा पहिला धडा. आठल्ये आणि बोडस यांनी सिद्ध केलेली त्याची १८९७ ची आवृत्ती नावाजलेली आहे आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने ती पुढे पुन्हा प्रसिद्ध केली. या छोट्या ग्रंथात पृथ्वी, जल, तेज आणि वायू यांची कार्ये तीन भागांत मांडली आहेत: शरीर, इंद्रिय आणि विषय. जलीय शरीरे वरुणलोकात, तैजस शरीरे आदित्यलोकात, वायवीय शरीरे वायुलोकात. आणि पार्थिव शरीर? ते आपले, माणसांचे.

या एका ओळीच्या विचाराने चार चौकटींचे वर्गीकरण कोसळते. प्रकार जर देहाच्या तत्त्वावरून ठरत असेल, तर मातीचा एलिमेंटल आणि त्याला बोलावणारा मांत्रिक एकाच वर्गात बसतात, दोघेही पार्थिव. तरी एक बोलावणारा आहे आणि दुसरा बोलावलेला. दोघांतला हा सारा फरक तत्त्वाच्या बाहेर आहे, म्हणून तत्त्वावर उभे केलेले वर्गीकरण तो पकडूच शकत नाही.

या परंपरेत आणखी तीन गोष्टी खेळ घडवणाऱ्यांच्या कामाच्या आहेत.

पहिली, इंद्रियांची. घ्राण हे पार्थिव इंद्रिय, रसना जलीय, चक्षू तैजस आणि त्वचा वायवीय. मग तेजाचा जीव जगाला रूपाने ओळखेल, पाण्याचा जीव चवीने, वाऱ्याचा स्पर्शाने. अदृश्य झालेला वीर आगीच्या जीवाला चकवू शकेल, वाऱ्याच्या जीवाला नाही. आज बहुतेक खेळांत चारही एलिमेंटल माणसासारखेच पाहतात आणि फक्त वेगळ्या रंगाने मारतात.

दुसरी, आकाराची. नुसत्या पाण्याचा देह टिकेल कसा, हा प्रश्न भाष्यकार प्रशस्तपादाने वैशेषिक दर्शनात घेतला आणि उत्तर दिले की, पार्थिव अवयवांच्या आधारामुळे तो देह भोगाला समर्थ होतो. म्हणजे शुद्ध तत्त्वाला देह धारण करायला दुसऱ्याचा आधार लागतो. देह ही घडवावी लागणारी गोष्ट आहे.

तिसरी, तेजाच्या विषयांची. तर्कसंग्रहात तेजाचे विषय चार: जमिनीवरचा अग्नी, आकाशातली वीज, पोटातला जठराग्नी आणि खाणीतले सोने. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०२४ च्या नियमांत वीज वाऱ्याच्या वाट्याला गेली आहे. दोन्ही विभागण्या आपापल्या निकषाला धरून सुसंगत आहेत. यावरून एवढे नक्की कळते की, ‘आग’ ही चौकट निसर्गाने आखून दिलेली नाही. कोणत्या निकषाने आखायची, हे आधी ठरवावे लागते.

४. आकाशाचा जीव का बोलावता येत नाही

भारतीय वळणाचा खेळ करायचा म्हटले की पुष्कळांना चारांत पाचवा एलिमेंटल घालावासा वाटतो. पंचमहाभूते आहेत, मग आकाशाचाही राक्षस हवा. पण तर्कसंग्रहात आकाशाला शरीर नाही. ते एक आहे, सर्वव्यापी आहे, नित्य आहे, आणि शब्द हा त्याचा गुण आहे. जे सगळीकडे आधीच आहे त्याला बोलावणार कुठून आणि परत पाठवणार कुठे? आवाहनाला अनुपस्थिती लागते. जो इथे नाही, तोच येऊ शकतो.

म्हणून आकाशाची खरी जागा बोलावलेल्यांच्या रांगेत नाही. मंत्राचा शब्द ज्यात उमटतो ते आकाश. बोलावणे शक्य होते ते त्याच्यामुळे. एखाद्या खेळात हे नियम म्हणून आले, जिथे शब्द पोहोचत नाही तिथे आवाहन चालत नाही असे ठरले, तर पंचमहाभूतांचा विचार खेळात खरा उतरेल. पाचवा राक्षस घालून फक्त चौकट वाढते.

५. आवाहनाचे चार प्रश्न

आता संबंधाकडे वळू. आपल्या घरांत आवाहनाचा सर्वांत परिचित विधी म्हणजे पार्थिव गणेशाची पूजा. मातीची मूर्ती आणतात, प्राणप्रतिष्ठा करतात, षोडशोपचारांत पहिला उपचार आवाहनाचा असतो, उत्तरपूजेनंतर विसर्जन होते आणि माती पाण्यात विरते. दीड दिवस, पाच, सात की दहा दिवस, हे त्या-त्या घरी आधीपासून ठरलेले असते. इथे देवाला खेळातल्या जीवाच्या रांगेत बसवण्याचा हेतू नाही. मला दाखवायची आहे ती विधीची रचना. देह कशाचा, येणाऱ्याचा मान काय, मुदत किती आणि निरोप कसा, यांतले काहीच मोघम ठेवलेले नाही. आवाहन जितके काळजीपूर्वक, तितकेच विसर्जनही.

लोकसमजुतींतही हीच शिस्त दिसते. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, चकवा रानवाटेवर. या नावांच्या मागे स्थान आहे, कारण आहे, मागणे आहे आणि सुटकेचा मार्ग आहे. यांतले एखादे भूत कशाचे बनले आहे, हा प्रश्न जवळजवळ कोणी विचारत नाही.

या दोन्हींतून वर्गीकरणाचे चार प्रश्न निघतात.

एक, मूळ: तो कुठून येतो, दुसऱ्या लोकातून, याच जागेतून, की मंत्राच्या शक्तीतून?
दोन, देह: इथे येण्याआधी त्याला देह होता का, की आवाहनाने तो मिळाला?
तीन, इच्छा: तो स्वतःच्या मर्जीने वागतो, दुसऱ्याच्या, की दोघांत काही ठरले आहे?
चार, निरोप: मुदत संपली, मंत्र तुटला किंवा देह पडला, तर त्याचे काय होते?

तत्त्वाचा विचार दुसऱ्या प्रश्नात येतो. म्हणजे आजचे वर्गीकरण सर्वस्वी चूक नाही. चारांतल्या एका प्रश्नाचे अर्धे उत्तर ते देते.

६. पाच वर्ग

हे चार प्रश्न खेळांना लावले की पाच वर्ग स्पष्ट दिसतात.

घडवलेले. यांना स्वतःची इच्छा नाही, मागे घरही नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०२४ च्या आवृत्तीत एलिमेंटल बोलावण्याचा मंत्र जवळपास असाच झाला आहे. एका जागी अमूर्त शक्ती उभी राहते आणि जवळ येणाऱ्याला पकडते. तिला आत्मा म्हटले असले, तरी नियमांत ती शक्तीच आहे.

जुंपलेले. यांना इच्छा आहे, पण ती दाबलेली असते. याच खेळाच्या २०१४ च्या नियमांत मांत्रिकाची एकाग्रता भंगली की एलिमेंटल नाहीसा होत नाही. तो ताब्यातून सुटतो आणि उलटतो. त्या आवृत्तीच्या वर्णनानुसार स्वतःच्या लोकात एलिमेंटलला देह नसतो. जादूने केंद्रित केल्यावरच त्याला आकार येतो. म्हणजे ज्या देहावरून आपण त्याचा प्रकार ठरवतो, तो देह आवाहनाचाच परिणाम आहे.

करारबद्ध. वेताळ पंचविशीतला वेताळ हा याचा उत्तम नमुना. विक्रम राजाने मौन पाळायचे, बोलला की वेताळ पुन्हा झाडावर. अट दोघांना माहीत आहे आणि दोघांना बांधते. पुणेकर ज्याच्या नावाच्या टेकडीवर रोज फिरायला जातात, तो वेताळ तत्त्वांच्या कोणत्याच चौकटीत बसत नाही. अटीच्या चौकटीत मात्र चपखल बसतो. २००१ च्या फायनल फँटसी टेन या व्हिडिओ गेममधले एऑन याच वर्गाचे. ज्यांनी स्वेच्छेने प्राण दिले त्यांची ती स्वप्ने, आणि त्यांची संमती मिळवायला बोलावणारीला मंदिरोमंदिरी जावे लागते.

आमंत्रित. इथे बोलावणारा यजमान असतो आणि येणारा त्याच्याहून मोठा. त्याला हुकूम करता येत नाही, फक्त आदराने बोलावता येते, आणि निरोप देणे हे यजमानाचे कर्तव्य असते. खेळांत हा वर्ग जवळजवळ रिकामा आहे.

स्थानबद्ध. आसरांसारखे. यांना हलवता येत नाही. आपण त्यांच्या जागी जातो आणि तिथले नियम पाळतो.

या वर्गांची कसोटी सोपी आहे. २०११ च्या स्कायरिम या व्हिडिओ गेममध्ये ज्वालेचा ॲट्रोनॅक नावाचा जीव एका मंत्राने ६० सेकंदांसाठी येतो आणि दुसऱ्या, वरच्या मंत्राने मरेपर्यंत दास होऊन राहतो. तत्त्व तेच, रूप तेच. तरी पहिला क्षणभराची मदत आहे आणि दुसरा कायमची गुलामी. तत्त्वाचे वर्गीकरण या दोघांना एक म्हणते, आणि तिथेच ते अपुरे ठरते.

७. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप: खेळाला साधेपणा लागतो, चार रंग कळतात, चार प्रश्न कोण लक्षात ठेवणार? याला उत्तर खुद्द खेळांच्या इतिहासात आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १९८१ च्या एक्स्पर्ट संचात एलिमेंटलचे बळ त्याला कशाने बोलावले यावर ठरत असे: दंडाने बोलावला तर ८ हिट डाइस, वस्तूने १२, मंत्राने १६. चार तत्त्वे होतीच, पण बळ आवाहनावरून मोजले जाई. दहा-बारा वर्षांची मुले ते खेळली आणि त्यांना समजले. साधेपणाचे कारण पुढे करून आपण खेळणाऱ्यांच्या बुद्धीला कमी लेखतो.

दुसरा आक्षेप: न्याय-वैशेषिकांचे पदार्थविज्ञान आज चुकीचे ठरले आहे, सोन्याला तेज मानणाऱ्यांचे काय ऐकायचे? सोने कशाचे बनले आहे, हे त्यांना विचारायचेच नाही. कल्पित जगाचे वर्गीकरण करताना पाहायची ती सुसंगती. एक निकष घेतला की तो शेवटपर्यंत नेणे, आणि तो कुठे लागू होत नाही हेही सांगणे, ही शिस्त त्यांच्याकडे होती. आकाशाला शरीर नाही असे ठामपणे म्हणणारे शास्त्र आजच्या अनेक रूलबुकांपेक्षा प्रामाणिक आहे.

तिसरा आक्षेप: देवतांना खेळात आणणे हा अनादर आहे. या आक्षेपामागची भावना खरी आहे. फायनल फँटसीत १९९० पासून शिवा नावाची बर्फाची स्त्री हुकमासरशी येते आणि जाते. ‘स्माइट’ या व्हिडिओ गेममध्ये खेळाडूच्या हातात देवता दिल्या तेव्हा त्यावर निषेध नोंदवला गेला. पण खुपते काय, ते नीट पाहिले पाहिजे. ज्याला आपण आमंत्रित मानतो, त्याला खेळ जुंपलेल्याच्या वर्गात टाकतो, म्हणून खुपते. म्हणजे अनादराचा प्रश्नही वर्गीकरणाचाच प्रश्न आहे, आणि तत्त्वाच्या चौकटींना तो दिसतसुद्धा नाही.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर: भुते, मंत्र, आवाहन यांचा असा विचार अंधश्रद्धेला खतपाणी घालतो. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी ज्या पुणे शहरात हत्या झाली, त्या शहरात हा आक्षेप बाजूला सारता येणार नाही. माझे उत्तर असे: भोंदूचे बळ गुप्ततेत असते. त्याचे नियम तोच ठरवतो, तोच बदलतो, आणि अपयश आले की दोष पीडितावर ढकलतो. खेळात नियम छापलेले असतात, सर्वांना सारखे लागू होतात आणि हे सारे कल्पित आहे, हे पहिल्या पानापासून ठाऊक असते. मंत्राच्या अटी, मुदत आणि परिणाम उघडपणे मांडून त्यांवर वाद घालायला शिकलेली मुलगी बुवाच्या दारात गेली तरी हेच प्रश्न विचारेल. वर्गीकरणाची सवय ही चिकित्सेची सवय आहे.

८. पुण्याच्या खेळकर्त्यांकडून अपेक्षा

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने २०२० मध्ये ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ जगापुढे ठेवला. द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या खेळांसाठीच्या पुरस्काराचे नामांकन त्याला मिळाले. त्यात दुर्गा आणि विष्णू कथा सांगतात. राजी ही मुलगी त्यांना हुकूम सोडत नाही. त्यांच्या कृपेने मिळालेली शस्त्रे घेऊन ती स्वतः लढते. देव आणि माणूस यांच्यातले नाते या खेळाने जपले, आणि त्यामुळेच तो इथला वाटतो. हे एक भक्कम पहिले पाऊल आहे.

पुढचे पाऊल म्हणजे हे नाते नियमांत उतरवणे. रूप, वेश, शिल्प आणि संगीत आपले घ्यायचे, पण आवाहनाचे नियम मात्र आयते चार चौकटींचे ठेवायचे, असे झाले तर वरचा रंग तेवढा मराठी होईल. आमंत्रितांचा वर्ग जगभरच्या खेळांत जवळजवळ रिकामा आहे. स्थानबद्धांना कोणी नीट न्याय दिलेला नाही. विसर्जनाला महत्त्व देणारा, बोलावलेल्याला सन्मानाने परत पाठवले नाही तर खेळ पूर्ण झाला असे न मानणारा नियम अजून कोणी रूढ केलेला नाही. ही कामे पुण्यात होऊ शकतात, कारण त्यांना लागणारा विचार इथल्या ग्रंथालयांत, इथल्या घरांत आणि मावळातल्या पाणवठ्यांवर आधीच आहे.

म्हणून खेळ लिहिणाऱ्यांना आणि खेळणाऱ्यांना माझी विनंती आहे: पुढचा एलिमेंटल बोलावाल तेव्हा तो कशाचा आहे हे शेवटी विचारा. आधी विचारा, तो कुठून आला, कोणाच्या इच्छेने आला आणि त्याच्या जाण्याची जबाबदारी कोणाची. या प्रश्नांची उत्तरे ज्या खेळात नाहीत, त्या खेळाने अजून काहीही बोलावलेले नाही.